सीपीआरच्या वर्गाला जोड म्हणून काय वाचावं, काय बघावं, कशावर सराव करावा?

तलावकाठ_सांगली

नमस्कार मंडळी,

आमच्या तलावावरचे जीवरक्षक, जिममधले प्रशिक्षक आणि कार्यालयातली माणसं असे २४ जण सीपीआरचं (हृदय थांबलेल्या माणसाला छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास देण्याचं) एक दिवसाचं प्रशिक्षण घेणार आहेत. वर्गात सरावाचे पुतळे दोनच असतील. म्हणजे एका पुतळ्यामागे १२ जण, आणि प्रत्येकाने एकदा २ मिनिटं दाब दिले तरी एका फेरीला २४ मिनिटं जाणार. सराव अपुरा पडेल हे आत्ताच दिसतंय. म्हणून वर्गाच्या आधी आणि नंतर काय करता येईल ते विचारतोय.

१) इंटरनेटवरचे व्हिडिओ एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी आधी श्वास सांगतं, कुणी फक्त दाब. विश्वास कशावर ठेवायचा?
२) पुतळा नसताना घरी सराव करता येतो का? उशीवर केला तर चालेल का?
३) वर्गणी काढून एक पुतळा घ्यायचा विचार आहे. घेताना काय बघायचं?
४) तलावावर एईडी (थांबलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) बसवणार आहेत. त्याचा सराव कसा करायचा?

गटातल्या निम्म्या लोकांना इंग्रजी वाचायला जड जातं, हेही लक्षात घ्यावं.

---

भूलशास्त्र_कोल्हापूर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तुमचा वर्ग कोणाच्या पद्धतीचा आहे ते संयोजकांना आधी विचारा. आपल्याकडे साधारण दोन प्रकार भेटतात. एक अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे दाब आणि श्वास दोन्ही) किंवा सामान्य लोकांसाठीचा हार्टसेव्हर. दुसरा इंडियन रिससिटेशन कौन्सिलचा 'कोल्स', म्हणजे सामान्य माणसाने फक्त छातीवर दाब देण्याची पद्धत. कोल्सची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ अनेस्थेशियामध्ये आली आणि ती कुणालाही फुकट वाचता येतात. अमेरिकन तत्त्वं 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात खुली आहेत, सर्वांत ताजी ऑक्टोबर २०२५ ची. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलचीही त्याच वर्षीची आहेत. मूळ दस्तऐवज फार लांबलचक असतात. तुमच्यासाठी त्यातल्या आकृत्या आणि 'ठळक बदल' एवढा भाग पुरे. गटात ज्याला इंग्रजी येतं त्याने तेवढी दोन-चार पानं मराठीत उतरवून भिंतीवर लावावीत.

व्हिडिओ एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या वर्षांचे असतात. वर्ष लिहिलेलं नसलं तरी मजकुरावरून ओळखता येतं. मोठ्या माणसाला १५ दाब आणि २ श्वास असं सांगितलं असेल तर ते २००५ पूर्वीचं. अमेरिकन पद्धतीचा व्हिडिओ 'आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग दाब' असा क्रम शिकवत असेल तर २०१० पूर्वीचा. 'मिनिटाला किमान १००' आणि 'किमान ५ सेंटिमीटर' एवढंच आहे, वरची मर्यादा सांगितलेलीच नाही, तर २०१० ते २०१५ मधला. आजचे आकडे मिनिटाला १०० ते १२० दाब आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर असे आहेत. वरची मर्यादा घातली त्याला कारण आहे: १२० च्या पुढे वेग गेला की दाब उथळ होत जातात आणि छाती पूर्ण वर यायला वेळच उरत नाही. ६ सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की इजा वाढतात.

२०२५ च्या अमेरिकन बदलांमुळे अगदी दोन वर्षांपूर्वीचे चांगले व्हिडिओही दोन ठिकाणी जुने झालेत. पहिलं, घशात काही अडकलेल्या शुद्धीवरच्या मोठ्या माणसाला आता आधी पाठीत ५ थापा आणि मग पोटावर ५ धक्के, असं आलटूनपालटून. पूर्वी थेट पोटावरचे धक्के शिकवत. (युरोपात पाठीतल्या थापा आधीपासूनच होत्या, त्यामुळे तिकडचे जुने व्हिडिओ या बाबतीत चालतात.) दुसरं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला दोन बोटांनी दाब देणं वगळलंय. त्याऐवजी एका हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने, किंवा दोन्ही हातांनी छाती कवेत घेऊन दोन अंगठ्यांनी दाब द्यायचा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ पुस्तिका मात्र टाळा. त्यांच्या मुखपृष्ठावरचं वर्ष कुणी बघत नाही आणि नेमक्या याच गोष्टी त्यात जुन्या राहतात.

---

प्रशिक्षक_नाशिक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण वाचून निर्णय सुधारतो, हात सुधारत नाहीत. हातांना 'खोल गेलं की नाही' हे कुणीतरी सांगावं लागतं, कारण दाब देणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने ३१ जानेवारी २०१९ पासून प्रौढांच्या सीपीआर वर्गात मोजमाप दाखवणारं उपकरण सक्तीचं केलं. तुमच्या वर्गातल्या पुतळ्यांना तशी सोय आहे का, हे आधी विचारून घ्या. नुसत्या 'टिक' आवाजाचा पुतळा खोली पुरेशी झाली एवढंच सांगतो. हात वर उचलला गेला की नाही, हे तो सांगत नाही.

आणि सर्वांत जास्त चूक तिथेच होते. दाब दिल्यावर माणूस छातीवर रेललेलाच राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढचा दाब कितीही खोल असला तरी पुढे ढकलायला रक्तच कमी असतं. हात छातीपासून उचलायचे नाहीत, भार मात्र पूर्ण काढायचा. हे वाक्य ऐकायला सोपं आहे. जमायला वेळ लागतो.

उशीबद्दल: उशीवर खोली आणि छाती पूर्ण वर येऊ देणं शिकता येत नाही. उशी मऊ असते, दाबली की परत ढकलत नाही. त्यावर सराव करून खोली जमली असं वाटणं धोक्याचं आहे. पण तिच्यावर चार गोष्टी चांगल्या शिकता येतात: बसण्याची पद्धत, कोपरं ताठ ठेवणं, वेग, आणि माणसं बदलणं. सॅकमध्ये चादर घट्ट घड्या करून भरा आणि ती जमिनीवर ठेवा, पलंगावर नाही. गुडघे सॅकला अगदी चिकटवून, खांदे बरोबर हातांच्या वर. दाब कंबरेतून यायला हवा. दंड दुखायला लागले तर समजा कोपरं वाकताहेत. पहिला हात छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा त्याच्यावर, आणि बोटं वर उचललेली. बोटं टेकली की दाब बरगड्यांवर पसरतो.

वेगासाठी मोबाइलमधलं कुठलंही मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप) ११० वर लावा. घरात तबल्याचं ॲप असेल तर तेही चालेल, मिनिटाला ११० मात्रा ठेवून प्रत्येक मात्रेला एक दाब. पडताळणी घड्याळाने करा: ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागायला हवेत. १३ लागले तर तुम्ही पळताय. मोजणीसाठी एक सूचना, मराठीत 'एकोणीस', 'अठ्ठावीस', 'एकोणतीस' म्हणताना लय हमखास अडखळते, म्हणून एक ते दहा तीनदा मोजा. बहुतेकांचा वेग त्यानेच स्थिर होतो.

पहिल्या आठवड्यात मेट्रोनोम लावून, नंतर तो बंद करून, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात पुन्हा चालू करून आपण किती सरकलो ते बघा.

---

तलावकाठ_सांगली

खूप उपयोगी. एकाने सुचवलं की वजनकाट्यावर दाब देऊन जोर मोजावा. आणि घरच्या माणसाला झोपवून हलके दाब दिले तर?

---

प्रशिक्षक_नाशिक

दुसऱ्याचं उत्तर आधी: जिवंत, चालत्या हृदयाच्या माणसाच्या छातीवर दाबाचा सराव कधीही करायचा नाही, हलकासुद्धा नाही. बरगडीला इजा होऊ शकते, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याची जोखीम घेण्याचं कारणच नाही. घरच्या माणसावर फक्त हाक मारणं, खांदे थोपटणं, श्वास बघणं, कुशीवर वळवणं आणि हाताची जागा दाखवणं एवढंच करा.

वजनकाटा जोर दाखवतो, खोली नाही. तोच जोर सडपातळ छातीत ६ सेंटिमीटरच्या पुढे जाईल आणि भरदार छातीत ४ वरच थांबेल. शिवाय काट्यावर लक्ष ठेवायला मान खाली जाते आणि खांदे पुढे सरकतात. नको.

---

जीवरक्षण_रत्नागिरी

तुमच्या गटात जीवरक्षक आहेत, म्हणून हे स्वतंत्रपणे लिहिणं गरजेचं वाटलं. तलावासाठी 'फक्त दाब' पुरेसा नाही.

चालता-बोलता अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात सुरुवातीची काही मिनिटं ऑक्सिजन असतो. त्याला फक्त दाब दिले तरी निभावतं. बुडालेल्या माणसाचं उलट असतं. आधी श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन संपतो, मग हृदय थांबतं. तिथे नुसतं रक्त फिरवून उपयोग नाही. म्हणून श्वास बंद असलेल्या बुडालेल्या व्यक्तीला सुरुवातच श्वासांनी: अमेरिकन पद्धतीत २, युरोपियन पद्धतीत ५, आणि मग ३० दाब, २ श्वास. तुमच्या वर्गात जो आकडा शिकवतील तोच सगळ्या गटाने धरा. दोघांनी दोन आकडे धरले की काठावर वाद होतो. लहान मुलांच्या बाबतीतही श्वासांना हेच महत्त्व आहे, कारण त्यांचं हृदय बहुधा श्वासाच्या अडचणीमुळे थांबतं.

म्हणून संयोजकांना स्पष्ट विचारा: कृत्रिम श्वासाचा सराव आहे का, पॉकेट मास्क (तोंडाने श्वास देताना मधे धरायचा) आणि बॅग-मास्क (पिशवी दाबून श्वास द्यायचा) आहेत का, मुलाचा आणि बाळाचा पुतळा आहे का. वर्ग कोल्सचा असेल तर कार्यालयातल्यांना तो चालेल, जीवरक्षकांना श्वासांसह बीएलएस हवाच.

श्वास देताना दोन चुका नेहमी होतात. डोकं पुरेसं मागे झुकवलेलं नसतं, त्यामुळे हवा आत जातच नाही. किंवा उत्साहाने जोरात फुंकर मारली जाते आणि हवा पोटात जाते, मग उलटी होते आणि ती फुप्फुसात जायचा धोका. एक श्वास १ सेकंदाचा, छाती उचललेली दिसली की थांबायचं. पहिल्याने छाती उचलली नाही तर डोकं पुन्हा नीट करून दुसरा द्या आणि सरळ दाबाकडे वळा. दोन श्वासांसाठीचा खंड १० सेकंदांच्या आत आटोपला पाहिजे. जोडीदाराने मोबाइलवर हा खंड मोजावा. पुतळा अगदी साधा असला तरी हे मोजता येतं.

आपल्याकडे अजूनही पोटावर दाबून पाणी काढतात, खांद्यावर उलटं टाकून पळतात, पालथं घालतात. व्हिडिओतसुद्धा हे दाखवतात आणि खाली हजारो लाइक असतात. यातलं काहीही करू नका. त्यात पोटातलं बाहेर येऊन श्वासनलिकेत जातं आणि श्वास सुरू करायला उशीर होतो. तोंडाला फेस येत राहिला तर तो पुसत बसायचं नाही, श्वास चालू ठेवायचे. तलावाच्या भिंतीवर लावायच्या मराठी तक्त्यात ही सूचना मोठ्या अक्षरात हवी.

मुलांसाठी आकडे: खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे मुलात साधारण ५ आणि बाळात ४ सेंटिमीटर. एकट्याने ३० ला २, प्रशिक्षित दोघांनी १५ ला २.

पंपाच्या खोलीसाठी एक वेगळा प्रसंग सरावात घाला: शॉक लागून पडलेला माणूस. मेन स्विच कुठे आहे हे प्रत्येकाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. वीज बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, मग बाकी सगळं.

---

परिचारिका_पुणे

व्हिडिओंचा सगळ्यात चांगला उपयोग एकाच गोष्टीसाठी आहे, आणि ती पुतळा शिकवू शकत नाही: आचके ओळखणं. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं बरेच जण आचके देतात. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडतं, घोरल्यासारखा किंवा घरघर आवाज येतो, मधे मोठं अंतर पडतं. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे, आणि दाब सुरूच होत नाहीत. सुरुवातीला झटका आल्यासारखे हातपायही हलू शकतात, मग लोक कांदा हुंगवायला धावतात. रिससिटेशन संस्थांच्या अधिकृत वाहिन्यांवर आचक्यांचे व्हिडिओ आहेत. आवाज चालू ठेवून सगळ्या गटाने एकत्र बघा आणि प्रत्येकाला विचारा: 'हा श्वास आहे का?' १० सेकंदांत उत्तर द्यायचं. नियम सोपा आहे. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय थांबलंय असं धरून दाब सुरू.

निर्णयाच्या सरावासाठी रिससिटेशन कौन्सिल यूकेचं 'लाइफसेव्हर' ब्राउझरमध्ये फुकट आहे. प्रसंग दिसतो, ठरावीक वेळेत पुढची कृती निवडायची. ते इंग्रजीत आहे आणि त्यात आपत्कालीन क्रमांक तिकडचा ९९९ आहे, म्हणून प्रोजेक्टरवर लावून एकाने मराठीत सांगत चालवा आणि क्रमांकाच्या जागी १०८ किंवा ११२ म्हणा.

फोनचाही सराव करा, खरा क्रमांक न लावता. एकजण कॉल घेणारा होतो, दुसरा स्पीकरवर बोलतो: काय झालं, किती जण, नेमकं ठिकाण, जवळची खूण, कोणत्या फाटकातून आत यायचं, सीपीआर सुरू आहे. आणि समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. 'कुणीतरी फोन करा' असं ओरडलं की कुणीच करत नाही. बोट दाखवून 'निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा. तुम्ही एईडी आणा' असंच म्हणायची सवय लावा.

एईडीचं: ट्रेनर एईडी वेगळं मिळतं, ते शॉक देत नाही, फक्त सूचना बोलतं. खरं यंत्र सरावाला उघडू नका, छातीवर चिकटवायचे पॅड वाया जातात. तुमच्या यंत्राच्या मॉडेलचा उत्पादकाचा व्हिडिओ नक्की बघा, कारण काही यंत्रं झाकण उघडताच सुरू होतात आणि काहींना बटण दाबावं लागतं. सराव पुढच्या गोष्टींचा हवा. पाण्यातून काढलेल्या माणसाची छाती आधी टॉवेलने कोरडी करणं. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगडीवर. खूप केस असतील तर पॅड चिकटत नाही, म्हणून पेटीत वस्तरा ठेवा. मंगळसूत्र किंवा साखळी पॅडखाली येऊ देऊ नका, बाजूला सारा. पेसमेकरचा उंचवटा असेल तर पॅड त्याच्यावर लावायचं नाही. यंत्र तपासणी करत असताना आणि शॉकच्या क्षणी कुणीही स्पर्श करायचा नाही, आणि शॉक देताच लगेच पुन्हा दाब. इथेच गट थबकतात, माणूस उठतो का ते बघत राहतात.

स्त्री कोसळली तर बघे मागे सरतात, हे सरावातच मोडायला हवं. वर्गातले पुतळे बहुतेक पुरुषी छातीचे असतात. एका पुतळ्याला ब्लाउज आणि साडी किंवा कुर्ता घालून पॅड लावण्याचा सराव करा. २०२५ च्या अमेरिकन तत्त्वांनुसार ब्रा काढण्याऐवजी ती सरकवूनही पॅड उघड्या त्वचेवर नीट लावता येतात. चार जणांनी चादरीचा आडोसा धरला की काम थांबत नाही आणि लाजही राखली जाते.

---

प्रशिक्षक_नाशिक

पुतळा विकत घेण्याचं राहिलं होतं. एकच घ्यायचा तर खोली, वेग आणि छाती वर येणं या तिन्ही गोष्टी दाखवणारा घ्या. लेअरडालच्या लिटिल अ‍ॅनची क्यूसीपीआर आवृत्ती मोबाइल ॲपला जोडली जाते. प्रेस्टनच्या पुतळ्यांवर वेग दाखवणारे दिवे असतात. मोजमापाचा एक पुतळा साध्या दोनपेक्षा उपयोगी. घेताना सुटे भाग मिळतात का ते विचारा: फुप्फुसाच्या पिशव्या, चेहऱ्याचे मुखवटे, स्प्रिंग. स्प्रिंग सैल झाली की पुतळा खोटं कौतुक करायला लागतो.

श्वासाचा सराव करणाऱ्या प्रत्येकाला वेगळा मुखवटा किंवा स्वतःचा पॉकेट मास्क द्या. तेवढे नसतील तर प्रत्येकानंतर चेहरा ७० टक्के अल्कोहोलने पुसा, किमान ३० सेकंद ओला राहू द्या, मग कोरडा होऊ द्या. पिशव्या प्रत्येक वर्गानंतर बदला.

---

तलावकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं: वर्ग झाल्यावर हे टिकवायचं कसं? पूर्णपणे ऑनलाइन असलेला एखादा उजळणी कोर्स करावा का?

---

भूलशास्त्र_कोल्हापूर

फक्त ऑनलाइन प्रमाणपत्राने हात तपासले जात नाहीत. लेखी भाग ऑनलाइन आणि कौशल्य पुतळ्यावर तपासून देणं, अशी जोड असेल तर चांगलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं हार्टकोड तसंच चालतं.

प्रमाणपत्र २ वर्षांचं असलं तरी कौशल्य ३ ते ६ महिन्यांत ढासळायला लागतं. म्हणून वर्षातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी थोडा वेळ बसलेलं बरं. पुतळा तलावाच्या कार्यालयात उघड्यावर ठेवा, कपाटात कुलूपबंद नको. प्रत्येकाने २ मिनिटं दाब द्यायचे, ११० च्या वेगाने ते २२० होतात. ॲपवरचा आकडा वहीत लिहायचा: सरासरी खोली, वेग, पूर्ण वर आलेल्या दाबांचं प्रमाण. दुसऱ्या मिनिटातली खोली पहिल्यापेक्षा किती घटली ते मुद्दाम बघा. थकवा जाणवायच्या आधीच दाब उथळ होतात, म्हणून दमलो नाही असं वाटलं तरी दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा.

ही अदलाबदल जोडीने घोटवा. पुढचा माणूस समोरच्या बाजूला आधीच गुडघे टेकून तयार, पहिल्याने शेवटचे पाच मोठ्याने मोजायचे, आणि हात बदलताना ५ सेकंदांपेक्षा जास्त खंड नको. एकूण वेळेपैकी दाब चालू असलेला वेळ किमान ६० टक्के हवा. सराव झालेल्या गटाला ८० च्या वर नेता येतो.

त्याच दिवशी एईडीच्या पॅडवरची मुदत आणि बॅटरीची खूण बघून वहीत सही करा. सरावाचे पॅड खऱ्या पेटीत चुकून जाऊ नयेत म्हणून त्यांची पिशवी वेगळ्या रंगाची ठेवा.